मगरीचं की पक्ष्याचं? अल्बर्टा ते मोंटाना, डायनासोरांच्या देहाच्या मागावर

पहिला दिवस : कॅलगरी ते ड्रमहेलर

कॅलगरीहून ईशान्येला निघालं की तासभर दोन्ही बाजूंना सपाट शेतंच दिसत राहतात. ड्रमहेलरच्या थोडं अलीकडे ही सपाटी एकदम तुटते आणि हॉर्सशू कॅन्यनची दरी पायाखाली उघडते. राखाडी, तपकिरी आणि मधूनच काळे कोळशाचे पट्टे. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने हा सगळा भाग कापून काढला आणि 7 कोटी वर्षांच्या आसपासचा गाळ उघड्यावर आला. तो साचत होता तेव्हा इथे नद्या होत्या, दलदल होती, आणि पूर्वेला खंडाच्या मधोमध पसरलेला उथळ समुद्र होता.

1884 साली जोसेफ टिरेल नावाचा तरुण भूशास्त्रज्ञ रेड डिअर नदीच्या या खोऱ्यात कॅनडा सरकारसाठी सर्वेक्षण करत होता. कोळशाचे थर नोंदवता नोंदवता त्याला मांसभक्षक डायनासोरची कवटी सापडली. 1905 मध्ये त्या प्राण्याचं बारसं झालं : अल्बर्टोसॉरस.

माझ्याबरोबर धाकटी बहीण आहे. ती पशुवैद्य. मला लहानपणापासून या प्राण्यांच्या आकाराचं वेड, तिला मात्र आकाराचं काहीच कौतुक नाही. तिचे प्रश्न दवाखान्यातले. हा श्वास कसा घ्यायचा? अंगाची उष्णता कुठे टाकायचा? पिल्लू किती दिवसांत उभं राहायचं? या प्रवासाचा मार्ग आम्ही तिच्या प्रश्नांवरूनच आखला.

संध्याकाळी नदीकाठी बसून तिने मला एक पद्धत समजावली. डायनासोरांचे आज जिवंत असलेले नातेवाईक दोन. पक्षी हे तर थेट त्यांच्यातूनच आलेले, आणि मगरी म्हणजे चुलत घराणं. जी गोष्ट पक्ष्यांत आणि मगरींत दोन्हीकडे आहे, ती डायनासोरांतही होती असं मानायला भक्कम आधार मिळतो. चार कप्प्यांचं हृदय दोघांकडे आहे, म्हणजे टी. रेक्सच्या छातीतही चार कप्प्यांचंच हृदय धडधडत असणार, जरी ते आपल्याला कधी बघायला मिळालं नाही तरी. अंडी दोघंही घालतात आणि घरट्याची राखणही दोघंही करतात. जिथे पक्षी एक सांगतात आणि मगरी दुसरंच, खरी अडचण तिथे येते. मग हाडांनाच विचारावं लागतं.

"ताई, आपण रोज हेच विचारायचं," ती म्हणाली. "हे मगरीचं की पक्ष्याचं?"

दुसरा दिवस : रॉयल टिरेल संग्रहालय

गावापासून काही किलोमीटरवर, बॅडलँड्सच्या, म्हणजे पाण्याने झिजलेल्या उघड्याबोडक्या टेकड्यांना टेकून हे संग्रहालय उभं आहे. 1985 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. आम्ही दार उघडताच आत गेलो आणि बंद व्हायच्या वेळी बाहेर पडलो.

सगळ्यांत जास्त वेळ गेला बोरिॲलोपेल्टासमोर. हा चिलखती, शाकाहारी डायनासोर. 2011 साली उत्तर अल्बर्टात फोर्ट मॅकमरीजवळच्या तेलवाळूच्या खाणीत यंत्र चालवणाऱ्या कामगाराला तो दिसला. जमिनीवरचा हा प्राणी सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वी मेल्यावर वाहत समुद्रात गेला, तळाशी उताणा पडला आणि गाळात गाडला गेला. मार्क मिचेल या तंत्रज्ञाने त्याच्याभोवतीचा दगड हटवण्यात 7,000 तास घालवले, आणि म्हणूनच या प्राण्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आहे. पुढचा अर्धा भागच शिल्लक आहे, पण त्याला सांगाडा म्हणवत नाही. कातडी आहे, पाठीवरचे कवच-तुकडे जिथल्या तिथे आहेत, त्यांच्यावरचं शिंगासारखं आवरणसुद्धा आहे. मान किंचित वळलेली. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही जीवाश्मापेक्षा हा प्राणी जास्त प्राणी वाटतो.

त्याच्या रंगाचाही माग लागला आहे. 2017 च्या अभ्यासात कातडीच्या अवशेषांत लालसर रंगद्रव्याच्या रासायनिक खुणा सापडल्या. पाठ गडद तांबूस आणि पोटाकडे रंग फिका होत गेलेला. हरणासारखे प्राणी अशा रंगसंगतीमुळे उजेडात चटकन नजरेला येत नाहीत. पण याचं वजन अंदाजे 1,300 किलो, लांबी साडेपाच मीटर, वर अंगभर चिलखत. आज एवढे मोठे प्राणी लपायच्या भानगडीत पडत नाहीत, हत्ती आणि गेंडे एकाच रंगाचे असतात. याला लपावं लागत होतं, म्हणजे याची शिकार करणारे किती जबर असतील, आणि ते नजरेने शिकार करत असतील, हे या एका रंगावरून कळतं.

माझी बहीण मात्र त्याच्या पोटाशी अडकली होती. पोटात शेवटचं खाणं शाबूत आहे. 2020 मध्ये त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा बहुतेक सगळा पाला निघाला, तोही जवळजवळ नेच्याचाच, आणि नेच्यांतलाही ठरावीक गटाचा. म्हणजे समोर येईल ते ओरबाडणारा हा प्राणी नव्हता, निवडून खाणारा होता. पाल्यात कोळशाचे कण होते, तेव्हा वणव्यानंतर फुटलेल्या कोवळ्या झाडोऱ्यात तो चरत असावा. नेच्यांच्या बीजाणूंच्या वाढीवरून आणि काडीच्या वाढवलयांवरून मरणाचा हंगामही ठरला : वसंताचा शेवट ते उन्हाळ्याचा मध्य. पोटात गुळगुळीत दगडही होते, पाला भरडायला गिळलेले. "आमच्याकडे शवविच्छेदनातसुद्धा दर वेळी इतकं हाती लागत नाही," ती म्हणाली.

पुढे अल्बर्टोसॉरस आणि त्याचे भाऊबंद. इथे आमचा प्रश्न श्वासाचा होता. आपल्या फुप्फुसांत हवा ज्या वाटेने जाते त्याच वाटेने परत येते, त्यामुळे ताजी आणि वापरलेली हवा मिसळते. पक्ष्यांत तसं होत नाही. त्यांच्या शरीरभर हवेच्या पिशव्या असतात. आत घेतलेली हवा आधी बहुतांशी मागच्या पिशव्यांत जाते, श्वास सोडताना फुप्फुसातून पुढे ढकलली जाते, पुढच्या श्वासाला पुढच्या पिशव्यांत येते आणि त्यानंतर बाहेर पडते. फुप्फुस फारसं फुगत-आवळत नाही, त्यातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. श्वास घेतानाही प्राणवायू मिळतो आणि सोडतानाही. या पिशव्या मणक्यांत शिरतात आणि हाड आतून पोकळ करतात. अल्बर्टोसॉरसच्या मानेच्या मणक्यांवर बाजूला तशीच भोकं आहेत, काचेपलीकडूनही स्पष्ट दिसतात. मांसभक्षक डायनासोर आणि लांब मानेचे अजस्र शाकाहारी, दोघांच्याही मणक्यांत ही खूण सापडते.

तर मग हे पक्ष्याचं? मला तसंच वाटत होतं, पण बहिणीने थांबवलं. 2010 साली मगरींच्या फुप्फुसातला हवेचा प्रवाह मोजला गेला आणि तोही एकाच दिशेने वाहतो असं दिसलं. तिथे हवेच्या पिशव्या नाहीत, हाडं पोकळ नाहीत, तरीही. म्हणजे एकदिशा श्वास ही डायनासोरांच्याही आधीची, दोन्ही घराण्यांच्या पूर्वजांकडून आलेली देणगी असावी. पिशव्यांनी तिला जोड दिली ती नंतर. आणि मघाच्या चिलखती प्राण्याच्या किंवा बदकचोच्या डायनासोरांच्या मणक्यांत अशी भोकं नसतातच. सगळ्या डायनासोरांना एका फुप्फुसात बसवता येत नाही.

ऑर्निथोमायमस हा शहामृगाच्या बांध्याचा डायनासोर. अल्बर्टातल्या त्याच्या सांगाड्यांवर 2012 मध्ये पिसांच्या खुणा ओळखल्या गेल्या. पिलाच्या अंगावर नुसते तंतू, आणि प्रौढाच्या हातांवर लांब पिसांच्या खुणा. उडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि पंखासारखी पिसं वयात आल्यावरच दिसतात, म्हणजे ती जोडीदारापुढे मिरवायला किंवा अंड्यांवर पसरायला असावीत. 2015 मध्ये वर्णन झालेल्या दुसऱ्या एका सांगाड्यावर मांडीच्या मध्यापासून खाली पिसं नाहीत, उघडी कातडी आहे. शहामृगाचे पायही असेच उघडे असतात आणि तो त्यातून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. अंगावर पिसांचं आवरण आणि पाय उघडे, हे ज्या शरीरात आतून उष्णता तयार होते त्याचंच लक्षण. इथे आम्ही दोघींनी एकमताने पक्ष्याच्या बाजूने कौल दिला.

तिसरा दिवस : डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क

ड्रमहेलरपासून दोन तासांची वाट. 1979 पासून हे उद्यान जागतिक वारसास्थळ आहे आणि इथल्या खडकांतून डायनासोरांच्या 40 हून अधिक जाती सापडल्या आहेत. आतल्या राखीव भागात वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि कुठलाही तुकडा उचलायचा नाही. आमची वाटाडी भूशास्त्राची विद्यार्थिनी होती. पाऊस पडला तर इथली माती साबणासारखी निसरडी होते असं तिने बजावलं, पण आकाश निरभ्र होतं आणि ऊन भाजून काढत होतं.

सेंट्रोसॉरसच्या अस्थिथरापाशी पोचलो. नाकावर एक मोठं शिंग आणि मानेमागे हाडाची झालर असलेला हा प्राणी. इथे एकाच जागी त्यांची असंख्य हाडं एकमेकांत मिसळलेली पडली आहेत. पुराने मोठे कळप बुडाले, असा निष्कर्ष आहे. अशाच एका थरातून 1989 साली पायाचं एक वाकडंतिकडं हाड निघालं होतं. ते मोडून जुळलेलं असेल असं बरीच वर्षं मानलं गेलं. मग माणसांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आणि जीवाश्म-अभ्यासकांनी मिळून त्याचं सीटी स्कॅन केलं, काप काढले, आणि 2020 मध्ये निदान जाहीर केलं : हाडाचा कर्करोग, ऑस्टिओसार्कोमा, तोही वाढलेला. माझी बहीण हे ऐकून शांत झाली. कुत्र्यांमध्ये हा रोग ती नेहमी पाहते. वेगाने वाढणाऱ्या हाडांत तो जास्त आढळतो, असं तिने सांगितलं. हा सेंट्रोसॉरस लंगडत असणार, तरी तो एकटा मागे पडून शिकार झाला नाही, कळपाबरोबर पुरात गेला. यावरून कळपाने त्याला सांभाळलं असं म्हणणं मला घाईचं वाटतं. तो इतकं दुखणं घेऊन कळपासोबत टिकून होता, एवढं मात्र हाड सांगतं.

दुपारी उद्यानाच्या केंद्रात बदकचोच्या डायनासोरांच्या कवट्या पाहिल्या. त्यांच्या जबड्यात दात रांगेने नव्हे, थरांनी रचलेले असतात. शेकडो दात एकमेकांना घट्ट चिकटून एकच खडबडीत पृष्ठभाग तयार होतो, वरचा झिजला की खालून नवा सरकतो. हे जातं कधी टाकी लावायला थांबतच नाही. 2012 मध्ये त्या दातांत सहा वेगवेगळ्या ऊती मोजल्या गेल्या, मगरीच्या दातांत दोनच असतात. ऊती वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि त्यामुळे कंगोरे कायम धारदार राहतात. शरीर वेगाने चालवायचं तर चारा बारीक चावावाच लागतो, आणि त्यासाठी इतका गुंतागुंतीचा दात. मगर घास चावत नाही, पक्ष्याला दातच नाहीत. या बाबतीत हे प्राणी दोन्ही नातेवाइकांना सोडून स्वतःच्या वाटेने गेले.

त्यांच्यातल्याच कोरिथोसॉरस आणि पॅरासॉरोलोफसच्या डोक्यावरचे तुरे आतून पोकळ असतात, आणि नाकाची नळी त्यातून वळसे घेत जाते. पूर्वी वाटायचं, पाण्याखाली श्वास घ्यायला असेल. पण पॅरासॉरोलोफसच्या तुऱ्याच्या टोकाला भोकच नाही. 1981 साली जीवाश्म-अभ्यासक डेव्हिड वेशॅम्पेल यांनी हिशोब मांडून दाखवलं की ही नळी घुमणाऱ्या, खोल आवाजासाठी योग्य आहे. नंतर सीटी स्कॅनने त्यांचे आतले कान पाहिले, तेही खालच्या पट्टीचे आवाज ऐकायला जुळणारे. पिलांचा तुरा लहान, म्हणजे त्यांचा आवाज वरच्या पट्टीतला. आवाजावरून वय ओळखू येत असणार.

आणि नाकाबद्दलच बोलायचं तर युओप्लोसेफॅलसला विसरता येणार नाही. शेपटीच्या टोकाला हाडाचा गोळा असणारा हा चिलखती प्राणी, इथलाच. शरीर जितकं मोठं तितकी त्वचा तुलनेने कमी पडते, त्यामुळे उष्णता आत कोंडते. रक्त तापलेलंच मेंदूकडे गेलं तर मेंदू शिजेल. याच्या नाकाची नळी कवटीच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट, वेटोळी घालून बसवलेली. 2018 मध्ये संगणकावर त्यातून हवा वाहवून पाहिली. आत येणारी हवा वळसे घेताना रक्ताकडून उष्णता घेते आणि रक्त थंड होऊन मेंदूकडे जातं. श्वास सोडताना उष्णता आणि ओलावा बराचसा परत वाचतो. केवळ नाकातून मेंदू गार ठेवायची ही सोय पाहून उन्हात तापलेली माझी बहीण पुन्हा एकदा त्या कवटीपाशी जाऊन उभी राहिली.

चौथा दिवस : वॉर्नर आणि डेव्हिल्स कूली

दक्षिणेला, अमेरिकेच्या सीमेपासून फार लांब नसलेलं वॉर्नर हे छोटं गाव. 1987 साली शाळकरी वयाच्या वेंडी स्लोबोडा यांना जवळच्या टेकड्यांत अंड्यांच्या कवचांचे तुकडे सापडले. मग शोध घेतल्यावर डेव्हिल्स कूली या दरीत घरटी मिळाली, आणि अंड्यांत हायपाक्रोसॉरस या बदकचोच्या डायनासोरचे गर्भ. गावातल्या लहानशा संग्रहालयातून घरट्यांच्या जागी घेऊन जातात.

या गर्भांच्या दातांनी मला सगळ्यांत जास्त चकित केलं. दात वाढताना रोज एक सूक्ष्म रेघ सोडतो. अंड्यातल्या पिलाच्या दातांतल्या रेघा मोजल्या, आणि दात फुटायच्या आधीचा काळ मगरींच्या प्रमाणात धरला, तर अंडं उबायला किती दिवस लागत ते कळतं. 2017 मध्ये हा हिशोब प्रसिद्ध झाला. हायपाक्रोसॉरसच्या अंड्याला जवळजवळ सहा महिने लागत. पक्ष्याच्या अंड्याला, ते एवढं मोठं असतं तरी, याच्या निम्म्याहून कमी वेळ पुरला असता. म्हणजे हे मगरीच्या घराण्याचं, सावकाश.

सहा महिने अंडी जमिनीत. पूर, दुष्काळ, अंडी पळवणारे प्राणी, सगळं त्या सहा महिन्यांत सोसायचं. दूर उत्तरेला स्थलांतर करून तिथे अंडी घालायची आणि हिवाळ्याआधी पिलांसह परत फिरायचं, असं जे चित्र काही वेळा रंगवलं जायचं, ते या आकड्यापुढे टिकणं कठीण आहे.

पण अंडं फुटल्यावर तोच प्राणी पूर्ण बदलतो. हायपाक्रोसॉरसच्या हाडांतल्या वर्षागणिक पडणाऱ्या रेघा मोजल्या तर तो 10 ते 12 वर्षांत पूर्ण वाढलेला दिसतो, आणि त्याच्यावर टपलेल्या टायरॅनोसॉरांना त्याच्या जवळपास दुप्पट काळ लागे. शिंगं नाहीत, चिलखत नाही. भराभर मोठं होणं हेच त्याचं संरक्षण. टेकडीवर उभं राहून बहीण म्हणाली, "ताई, अंड्यात मगर आणि बाहेर आल्यावर पक्षी, असंच म्हणावं लागेल." मला वाटतं, या सगळ्या प्रवासात आम्ही उत्तराच्या सर्वांत जवळ इथेच पोचलो.

पाचवा दिवस : सीमा ओलांडून शोटोकडे

कूट्सला सीमा ओलांडली आणि मोंटानात आलो. दिवसभर गाडीच चालवली, उजवीकडे रॉकी पर्वत.

शोटोच्या अलीकडे बायनम हे चिमुकलं गाव. 1978 साली इथल्या मॅरियन ब्रँडव्होल्ड यांना डायनासोरच्या पिलांची हाडं मिळाली होती. त्यांनी ती जीवाश्म-अभ्यासक जॅक हॉर्नर आणि त्यांचे सहकारी बॉब मकेला यांना दाखवली, आणि त्यातून पुढच्या वर्षी मायासॉरा या बदकचोच्या डायनासोरचं नामकरण झालं. घरट्यात सापडलेली ही पिलं सुमारे मीटरभर लांब होती, अंड्यातून निघतानाच्या आकारापेक्षा बरीच मोठी, आणि त्यांचे दात झिजलेले होते. घरट्यातच राहून ती खात होती, म्हणजे खाणं कुणीतरी आणून देत होतं.

मायासॉराबद्दल 2015 चा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात एखादा देखणा सांगाडा नाही, 50 नडग्या आहेत. लहान-मोठ्या वयाच्या नडग्या कापून वय मोजलं, आणि एका कळपाची जनगणना तयार झाली. पहिल्या वर्षात 10 तली जवळजवळ 9 पिलं मरत. तिसऱ्या वर्षी वयात येत, आठव्या वर्षाच्या आसपास वाढ पूर्ण होई. भरभर वाढणारी, भरभर मरणारी.

सहावा दिवस : बोझमन

म्युझियम ऑफ द रॉकीजच्या दाराशी टी. रेक्सचा पूर्णाकृती कांस्य सांगाडा उभा आहे. आत ट्रायसेराटॉप्स या तीन शिंगांच्या डायनासोरच्या कवट्या वयाच्या क्रमाने मांडल्या आहेत. पिलाची शिंगं जरा मागे वळलेली आणि प्रौढाची पुढे, एकाच प्राण्याची ही रूपं शेजारी पाहिल्याशिवाय खरी वाटत नाहीत.

आम्ही आलो होतो ते इथल्या एका मांडीच्या हाडाच्या गोष्टीसाठी. 2000 साली मोंटानाच्या हेल क्रीक खडकांत एक टी. रेक्स सापडला. त्याला बी-रेक्स म्हणतात. हेलिकॉप्टरने न्यायला जड म्हणून खडकाचा गठ्ठा दोन भागांत करावा लागला, आणि त्यात मांडीचं हाड तुटलं. त्या तुकड्यांवर जीवाश्म-अभ्यासक मेरी श्वाइट्झर यांनी काम केलं. आतल्या पोकळीच्या कडेला त्यांना निराळ्या पोताचं, रक्तवाहिन्यांनी भरलेलं हाड दिसलं. 2005 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं.

इथे माझ्या बहिणीचं ज्ञान कामी आलं. अंडी घालायच्या दिवसांत कोंबडीच्या पायाच्या हाडात नेमकं असंच हाड तयार होतं. अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतो, तो रोजच्या खाण्यातून एका रात्रीत मिळत नाही, म्हणून शरीर तो आधी साठवून ठेवतं. अंडी संपली की ते हाड विरघळून जातं. ते फक्त मादीत असतं आणि तेही ठरावीक काळापुरतं. मगरीत ते तयार होत नाही. हे हाड एखाद्या रोगानेही झालं असेल, अशी शंका घेतली गेली, पण 2016 मध्ये त्यात केराटन सल्फेट हा घटक सापडला. अशा अंडी-हाडात तो असतो, साध्या हाडात नसतो. म्हणजे ही मादी होती आणि मेली तेव्हा तिच्या पोटात अंडी होती, किंवा ती नुकतीच घालून झाली होती.

"मग हे पक्ष्याचं, वादच नाही," मी म्हणाले.

"तिचं वय काय होतं?" बहिणीने विचारलं.

हाडाच्या रेघांवरून सुमारे 18 वर्षं. आणि ती अजून वाढत होती. आजचे बहुतेक पक्षी आधी पूर्ण वाढतात, बरेचसे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, आणि वयात येतात त्यानंतर. मगर मात्र वाढत असतानाच अंडी घालू लागते आणि पुढेही वाढत राहते. बी-रेक्सने कवचाचा कॅल्शियम पक्ष्यासारखा साठवला होता, आणि वयात आली होती मगरीसारखी, वाढ पूर्ण व्हायच्या आधी. अशा अंडी-हाडाच्या खुणा ॲलोसॉरस आणि टेनोंटोसॉरस या दोन अगदी वेगळ्या डायनासोरांतही नोंदवल्या गेल्या आहेत, आणि ते दोघेही तेव्हा पूर्ण वाढलेले नव्हते.